टिकटॉकनं राष्ट्राध्यक्ष निवडला नाही

फिलिपिन्सचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं: तिथल्या पोरांनी टिकटॉक बघून हुकूमशहाच्या मुलाला निवडून दिलं. अग्रलेखांत ते असतं, व्याख्यानांत असतं, जेवणाच्या टेबलावरही असतं. त्यामागचा हिशेबही सोपा आहे. ९ मे २०२२ रोजी धाकटे फर्डिनांड मार्कोस, लोकांच्या तोंडी 'बाँगबाँग', ३ कोटी १६ लाखांवर मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. ही मतं जवळजवळ ५९ टक्के होती. दुसऱ्या क्रमांकावरच्या लेनी रोब्रेडो दीड कोटीवर थांबल्या. ज्या घराण्याला जनतेनं फेब्रुवारी १९८६मध्ये रस्त्यावर उतरून हवाईला पिटाळलं होतं, ते छत्तीस वर्षांनी मनिलाच्या मलाकान्यांग प्रासादात परतलं. मतदारयादीतले निम्म्याहून अधिक लोक चाळिशीच्या आतले. समाजमाध्यमांवर दिवसाला चार-चार तास घालवणारा देश म्हणून फिलिपिन्स वर्षानुवर्षं जगात पहिला होता. झालं, आरोपी सापडले: फोन गुन्हेगार आणि तरुणाई बावळट.

हा निवाडा मला मान्य नाही. तो अर्धवट पुराव्यावर दिलेला आहे, आणि ज्यांना खरं तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला हवं ते त्यामुळे सहीसलामत सुटतात.

जे खरं आहे ते आधी मान्य करतो. फिलिपिन्समध्ये समाजमाध्यमांवर खोट्याचा धंदा झाला आणि तो ठरवून झाला. २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या रॉड्रिगो दुतेर्ते यांच्या समाजमाध्यम प्रचाराची धुरा वाहिलेल्या निक गाबुनादा यांच्याशी जोडलेली दोनशे पानं, गट आणि खाती मार्च २०१९मध्ये खुद्द फेसबुकनं काढून टाकली. केंब्रिज अॅनॅलिटिका प्रकरणात ज्यांची माहिती परस्पर गेली, त्यांत अमेरिकेखालोखाल फिलिपिनो होते, सुमारे पावणेबारा लाख. २०२२च्या प्रचारात 'त्सेक' या पडताळणी करणाऱ्या आघाडीला आढळलं की खोट्या मजकुराचा सर्वाधिक मार रोब्रेडोंनी खाल्ला आणि मार्कोस यांच्या वाट्याला आला तो बहुतेक उजळवणारा खोटेपणा. पत्रकार मारिया रेसा यांनी हे सगळं वर्षानुवर्षं, स्वतःवर खटले ओढवून घेत, मांडलं आणि २०२१चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांच्या पत्रकारितेला माझा सलाम आहे. माझं भांडण आहे ते त्या पुराव्यावरून घाईघाईनं काढलेल्या अनुमानाशी.

हे खोटं इतकं पसरलं कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. २०१३ ते २०१५च्या दरम्यान तिथल्या मोबाइल कंपन्यांनी फेसबुकशी हातमिळवणी करून ते ग्राहकांना फुकट द्यायला सुरुवात केली. गल्लीतल्या 'सारीसारी' दुकानात, म्हणजे टपरीवजा किराण्यात, मुलगा थोड्या पेसोंचा 'लोड' घेतो. दोन दिवसांत डेटा संपतो, पण फेसबुक चालूच राहतं. चित्रं दिसत नाहीत, मजकूर दिसतो. बातमीचा मथळा दिसतो, पण त्या दुव्यावर बोट ठेवलं की पडदा सांगतो, पुढे जायचं तर पैसे लागतील. मथळा फुकट आणि पडताळणी विकत! हा निर्णय कुठल्या अठरा वर्षांच्या पोरानं घेतला नव्हता. तो कंपन्यांच्या बैठकीत झाला आणि सरकारनं तो होऊ दिला. असाच प्रस्ताव 'फ्री बेसिक्स' या नावानं भारतातही आला होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायनं अशा भेदभावाच्या दरांवरच बंदी घातली आणि तो बारगळला. म्हणजे हे रोखता येत होतं. ज्यांच्या हातात ते होतं त्यांनी रोखलं नाही, आणि दोष मात्र मथळा वाचणाऱ्याच्या माथी आला.

आता मुख्य दाव्याकडे येऊ. टिकटॉक आणि फेसबुक इलोकोसमध्ये एक आणि बिकोलमध्ये दुसरं नसतं. फोन तेच, अॅप तेच, वयही तेच. तरी मार्कोस घराण्याच्या इलोकोस नॉर्ते प्रांतानं धाकट्या मार्कोसना ९५ टक्क्यांहून अधिक मतं दिली आणि रोब्रेडोंच्या बिकोलनं भरभरून रोब्रेडोंना. ज्याला तिथे 'बालुआर्ते' म्हणतात, म्हणजे घराण्याचा बालेकिल्ला, तो टिकटॉकच्या जन्माआधीपासून उभा आहे. त्यात मार्कोस यांनी दुतेर्तेंची कन्या सारा यांना जोडीला घेतलं. उत्तर लुझोन मार्कोसकडे, मिंदानाओ दुतेर्तेंकडे, अशी ती सरळसोट बेरीज होती. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सारा यांना तर ३ कोटी २२ लाख, मार्कोस यांच्यापेक्षाही जास्त मतं पडली. वर बहुसंख्य गव्हर्नरांचा पाठिंबा, आणि एकगठ्ठा मतदानासाठी प्रसिद्ध असलेल्या 'इग्लेसिया नि क्रिस्तो' या पंथाचा मतदानाच्या आधीच्या आठवड्यात आलेला आदेश. ही सगळी यंत्रणा व्हिडिओत दिसत नाही, म्हणून ती नव्हती असं समजायचं कारण नाही.

वयाचंही तेच. मतदान गुप्त असतं. कोणत्या वयाच्या माणसानं कुणाला मत दिलं, हे मतपेटी सांगत नाही. आपल्या हाती असतात त्या मतदानपूर्व चाचण्या. पल्स एशियाच्या चाचण्यांत मार्कोस सगळ्याच वयोगटांत पुढे होते. लष्करी कायदा १९७२मध्ये लागू झाला तेव्हा ज्यांना कळत होतं, ज्यांनी संचारबंदी पाहिली, वर्तमानपत्रं बंद पडलेली पाहिली, त्या पिढीतही मार्कोस पुढे होते. त्यांनाही व्हिडिओनंच भुलवलं म्हणायचं असेल, तर मग हा तरुणांचा रोग कसा? आणि त्यांनी डोळसपणे मत दिलं म्हणायचं असेल, तर नातवालाच तेवढं आंधळं का ठरवायचं?

फोन आला म्हणून खोटं आलं, हा समज तर इतिहास न वाचल्याचा आहे. १९६५मध्ये थोरल्या मार्कोस यांनी राष्ट्राध्यक्षपदाची पहिली निवडणूक लढवली तेव्हा त्यांच्या आयुष्यावर 'इगिनुहित नंग ताधाना' नावाचा चित्रपटच निघाला आणि प्रचारात त्याचा चोख उपयोग झाला. दुसऱ्या महायुद्धात आपण 'माहारलिका' नावाचं गनिमी पथक चालवलं, हा त्यांचा आवडता दावा. जानेवारी १९८६मध्ये अमेरिकी लष्कराच्या दप्तरातले कागद उजेडात आले, तेव्हा कळलं की लष्करानं तो दावा युद्ध संपल्यावर लगेचच बनावट ठरवला होता. या वीरगाथेवर मत देणारे लोक आजच्या पोरांचे आजी-आजोबा होते. त्यांच्या हातात फोन नव्हता, चित्रपटाचं तिकीट होतं.

फोनबद्दलची आपली मतं किती सोयीनं बदलतात तेही पाहा. जानेवारी २००१मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांच्यावरच्या महाभियोगात बहुसंख्य सिनेटरांनी पुराव्याचं पाकीट उघडायला नकार दिला. त्या रात्री मनिलात एसेमेस फिरले: एड्सा महामार्गावर या, काळे कपडे घालून या. चार दिवसांत एस्त्रादा पायउतार झाले. त्या वेळी जगभरच्या पंडितांनी मोबाइलला लोकशाहीचा शिलेदार ठरवलं आणि तो वापरणाऱ्या तरुणांचं कौतुक केलं. वीस वर्षांनी तोच देश, तसाच तरुण, हातात आणखी भारी फोन. पण निकाल नावडता लागला, म्हणून शिलेदाराचा दरोडेखोर झाला. आपल्या बाजूची माणसं निवडून आली की जागृती, दुसऱ्या बाजूची आली की संमोहन. याला विश्लेषण म्हणत नाहीत.

मग खोटं पटलं का? इथे खरा मुद्दा आहे आणि तो फोनच्या बाहेर आहे. थोरले मार्कोस १९८९मध्ये होनोलुलूत वारले. दोन वर्षांनी कुटुंब मायदेशी परतलं. १९९२मध्ये मुलगा खासदार झाला, १९९५मध्ये पत्नी इमेल्डा खासदार झाल्या, पुढे मुलगा आणि मुलगी गव्हर्नर, सिनेटर. याच काळात न्यायालयं काय म्हणत होती? २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्विस बँकांतले ६५ कोटी डॉलरहून अधिक पैसे गैरमार्गाचे ठरवून सरकारजमा केले. २०१३च्या कायद्यान्वये लष्करी राजवटीत छळ सोसलेल्या ११,१०३ जणांना सरकारनं बळी म्हणून मान्यता आणि भरपाई दिली. नोव्हेंबर २०१८मध्ये भ्रष्टाचारविरोधी न्यायालयानं इमेल्डांना सात आरोपांत दोषी ठरवलं. एवढं सगळं कागदावर आहे. पण इमेल्डा जामिनावर घरी राहिल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचा नव्वदावा वाढदिवस शेकडो पाहुण्यांच्या पंगतीनं साजरा झाला. त्याआधी, २०१६मध्ये, दुतेर्तेंच्या आदेशानं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ९ विरुद्ध ५ अशा संमतीनं, थोरल्या मार्कोस यांचं शव वीरांच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं गेलं.

२०२२मध्ये अठराव्या वर्षी पहिलं मत देणारी मुलगी २००४ची. तिच्या उभ्या आयुष्यात मार्कोस हे आडनाव तिनं मतपत्रिकेवर पाहिलं, सिनेटमध्ये पाहिलं, वीरांच्या दफनभूमीत पाहिलं. तुरुंगाच्या दारावर कधीच पाहिलं नाही. अशा मुलीला कुणी व्हिडिओतून सांगितलं की या घराण्यानं चोरी केलीच नव्हती, तर ती काय विचारेल? चोर असते तर आत नसते का गेले? तिचा प्रश्न बिनतोड आहे. त्या खोट्याच्या बाजूनं साक्ष दिली ती शासनानं, संसदेनं आणि न्यायालयाच्या संथपणानं. टिकटॉकनं फक्त ती साक्ष गाण्याच्या तालावर लावली.

आणि शाळेनं काय केलं? २०२२च्या पिसा चाचणीत वाचनाची किमान पातळी गाठणारी पंधरा वर्षांची फिलिपिनो मुलं जेमतेम चारांत एक निघाली. सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण खात्यानं सहावीच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'मार्कोस हुकूमशाही' या शीर्षकातून मार्कोस हे नाव काढलं. अभ्यासक्रमातून आरोपीचं नाव खोडायचं आणि मग मुलं इतिहास विसरली म्हणून गळा काढायचा, हे दोन्ही एकदम करता येत नाही.

पोटाचा प्रश्न यापुढचा. १९८६च्या एड्सा क्रांतीनं लोकशाही आणली, पण 'एंडो' नावाची पद्धतही तिच्याच काळात रुजली: मॉलमध्ये, कारखान्यात पाच महिन्यांवर काम द्यायचं आणि सहावा भरायच्या आत घरी पाठवायचं, कारण सहा महिन्यांनंतर कायम करावं लागतं. दुतेर्तेंनी ही पद्धत संपवण्याचं वचन दिलं आणि २०१९मध्ये त्यासाठीच्या विधेयकावर स्वतःच नकाराधिकार वापरला. ज्या घरातली आई हाँगकाँगमध्ये घरकामाला आणि बाप आखातात, त्या घरातल्या मुलाला कुणी सांगतं की तालियानो नावाच्या राजघराण्यानं थोरल्या मार्कोसना वकिलीच्या मोबदल्यात लाखभर टनांहून अधिक सोनं दिलं होतं आणि मार्कोस परत आले की ते जनतेत वाटलं जाणार आहे. कथा भाकड आहे. असं राजघराणंही नव्हतं आणि असं सोनंही नव्हतं. पण ती ऐकून घ्यावीशी वाटावी इतकी कुचंबणा खरी होती. मार्कोस यांच्या अखेरच्या काळात, १९८४ आणि १९८५ अशी सलग दोन वर्षं, देशाची अर्थव्यवस्था सात-सात टक्क्यांनी आक्रसली होती. हे त्या मुलाला सांगणारं जे कुणी होतं, ते त्याच्या पगाराबद्दल मात्र गप्प होतं.

शिवाय हे खोटं बनवलं कुणी? जोनाथन कॉर्पस ओंग आणि जेसन काबान्येस या दोन अभ्यासकांनी २०१८मध्ये या धंद्यातल्याच माणसांशी बोलून त्याची उतरंड मांडली. सगळ्यात वर जाहिरात आणि जनसंपर्क क्षेत्रातले मुरलेले व्यावसायिक, जे दिवसा साबण आणि शीतपेयं विकतात. त्यांच्याखाली लाखोंचे चाहते असलेली खाती चालवणारे. सगळ्यात तळाशी, तुटपुंज्या मोबदल्यावर बनावट खाती चालवणारे तरुण. म्हणजे या साखळीत तरुण मजूर म्हणून आहेत. मालक आणि गिऱ्हाईक दोघेही प्रौढ, सुशिक्षित आणि प्रतिष्ठित. आपण मात्र चर्चा करतो ती तळाच्या मजुराच्या आणि शेवटच्या प्रेक्षकाच्या बुद्धिमत्तेची.

या प्रेक्षकांतल्याच अनेकांनी काय केलं तेही सांगायला हवं. रोब्रेडोंना हिणवायला विरोधकांनी 'लेनी लुगाव' हे नाव पाडलं. लुगाव म्हणजे तांदळाची पेज, आपल्या कोकणातल्यासारखीच. ऑक्टोबर २०२१मध्ये समर्थकांनी गावोगावी पेजेची भांडी मांडली, कुणी तिला गुलाबी रंग दिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाडगाभर वाढली. शिवी होती, तिची पंगत केली. पुढे हेच तरुण दारोदार फिरले, मार्कोसच्या मतदारांशी भांडण न करता बोलले. 'बोबोतांते', म्हणजे बिनडोक मतदार, ही शिवी तोवर सुशिक्षितांच्या तोंडी सर्रास होती. ती देऊन एकही मत फिरत नाही, हे सगळ्यात आधी या पोरांना कळलं. ते हरले. पण हरलेले म्हणून ते तरुण नव्हते असं होत नाही.

तीन वर्षांनी, १२ मे २०२५च्या मध्यावधीत, मार्कोस विरोधी आणि दुतेर्ते विरोधी गटाचे बाम आकिनो सिनेटच्या बारा जागांत दुसरे आले, सुमारे २ कोटी ९ लाख मतांनी. त्यांचे सहकारी किको पांगिलिनान पाचवे. चाचण्यांनी दोघांना बाराच्या काठावर धरलं होतं. पक्षयादीच्या लढतीत याच बाजूचा 'अकबायान' पक्ष पहिला आला. मतदारयादीत तरुणांचा वाटा आधीपेक्षा मोठा होता, आणि फोन काही कुणी काढून घेतले नव्हते. आकिनो प्रचारात काय सांगत होते? सरकारी महाविद्यालयांतलं शिक्षण शुल्कमुक्त करणारा २०१७चा कायदा, ज्याचे सिनेटमधले ते प्रमुख शिल्पकार. त्या कायद्याखाली शिकलेली मुलं आता मतदार झाली होती. त्यांना आठवण करून द्यायला व्हिडिओ पुरला, कारण सांगितलेली गोष्ट त्यांच्या फीच्या पावतीवर छापलेली होती.

यावर कुणी म्हणेल, मग त्याच निवडणुकीत पहिला आणि तिसरा क्रमांक दुतेर्तेंच्या निष्ठावंतांनी, बाँग गो आणि बातो देला रोसा यांनी घेतला त्याचं काय? बरोबर आहे, घेतला. दुतेर्तेंना मार्चमध्ये अटक करून हेगला नेलं होतं, त्याचा राग दक्षिणेत होता, आणि त्या रागात खोट्याची भर घालणाऱ्यांनीही हात धुऊन घेतले. पण मी तेच म्हणतो आहे. एकच माध्यम आकिनोंनाही वर नेतं आणि देला रोसांनाही, तेव्हा निकालाचं कारण म्हणून त्या माध्यमाचं नाव पुरत नाही. माध्यम आवाज मोठा करतं. तो कुणाचा, कशावर उठलेला, आणि त्यासाठी पैसे कुणी मोजले, हे शोधावंच लागतं.

मग समाजमाध्यमं निरुपद्रवी का? मुळीच नाहीत. पण रोगाचं निदान चुकलं की औषधही चुकतं. तरुण भोळे आहेत असं मानलं की उपाय सुचतात ते व्याख्यानांचे: माध्यम साक्षरतेचा तास, 'शेअर करण्याआधी विचार करा' असा फलक. मालक आणि गिऱ्हाईक यांच्याकडे पाहिलं की वेगळे उपाय दिसतात. कोमेलेक या तिथल्या निवडणूक आयोगानं २०२५च्या निवडणुकीसाठी उमेदवारांना आपली समाजमाध्यम खाती नोंदवायला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर उघड करायला लावलं. सुरुवात ठीक आहे. पण खोटं अधिकृत खात्यावरून येत नाही, ते भाड्यानं घेतलेल्या तोंडातून येतं. त्या भाड्याची पावती निवडणूक खर्चात दाखवायला लावा. फुकट मथळा द्यायचा तर मूळ बातमीही फुकट द्यायला लावा. आणि १९८७च्या राज्यघटनेनं राजकीय घराणेशाहीला मनाई करून तिची व्याख्या कायद्यावर सोपवली आहे. तो कायदा तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, इतक्या वर्षांत केलेला नाही, कारण तो करायचा कुणी, तर त्याच घराण्यांनी. हे एक काम केलं तर हजार पडताळणी पथकांपेक्षा जास्त फरक पडेल.

२१ सप्टेंबर २०२५ रोजी, लष्करी कायद्याच्या स्मरणदिनी, मनिलाच्या लुनेता मैदानावर आणि एड्सावर हजारो लोक उतरले. पूरनियंत्रणाच्या कामांत पैसे खाल्ल्याचं प्रकरण पेटलं होतं. त्यात तरुण मोठ्या संख्येनं होते. त्याआधीचे कित्येक आठवडे त्यांनी ठेकेदारांच्या मुलांची परदेशवारी, पर्सा आणि मोटारी त्या मुलांच्याच खात्यांवरून शोधून काढून चव्हाट्यावर आणल्या होत्या. ज्या पोरांना आपण संमोहित म्हणत होतो, त्यांनी त्याच फोनवर सत्तेचा हिशेब मांडला. राष्ट्राध्यक्षांचे मामेभाऊ मार्टिन रोमुआल्देझ यांना त्याच आठवड्यात सभापतिपद सोडावं लागलं.

महाराष्ट्राला फिलिपिन्सची ओळख विनोबा आणि बाबा आमटे यांना मिळालेल्या मॅगसेसे पुरस्कारामुळे जुनी आहे. आता आपण त्या देशाकडे एक ताकीद म्हणून बोट दाखवतो. दाखवावं, पण पूर्ण बघून दाखवावं. आपल्याकडेही नावडता निकाल लागला की 'व्हॉट्सअॅप विद्यापीठा'ची पोरं अशी हेटाळणी सुरू होते, आणि ती करणाऱ्याला आपलं काही चुकलं का हे तपासावं लागत नाही. तरुण मतदाराला मूर्ख म्हणणं हा हरलेल्याचा सगळ्यात स्वस्त दिलासा आहे. तो टाळा. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: प्रचाराचे पैसे कुणी दिले, दोषी ठरलेला माणूस अजून बाहेर का आहे, आणि त्या पोराच्या हातातली नोकरी किती महिन्यांची आहे. उत्तरं मिळाली की मग टिकटॉकबद्दल बोलू.